आशीर्वाद घराला की घरधन्याला?



नव्या घरात पहिलं पाऊल टाकताना माणूस थोडा बिचकतोच. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर असतं, छप्पर गळतं की नाही ते पहिल्या पावसात कळणार असतं आणि शेजारी कसे निघतील याचा अंदाज नसतो. अशा वेळी तो कुणाला तरी बोलावतो. आमच्या रायगड जिल्ह्यात हे बोलावणं किती तऱ्हेचं असतं बघा. हिंदूंच्या घरी वास्तुशांत होते, चौकटीला आंब्याचे टाळे लागतात. आम्हा मुसलमानांकडे कुराणखानी होते, फातेहा दिली जाते, दारावर आयतुल कुर्सीची तसबीर लागते. बेने इस्राएल मंडळींच्या, ज्यांना आपले जुने लोक शनिवार तेली म्हणत, त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा असतो. एका छोट्याशा नळीत धर्मवचनांची गुंडाळी असते, आणि जाता-येता तिला हात लावून तो हात ओठांना लावायचा. शुभकार्याला त्यांच्याकडे मलिदा होतो. गूळ, पोहे, खोबरं, फळं! लहानपणी मला मलिद्याचं फार आकर्षण होतं. धर्म कोणता हा प्रश्न त्या वयात पडत नाही.

आज बोलायचं आहे ते ख्रिस्ती घराच्या आशीर्वादाबद्दल, आणि त्या निमित्तानं आपल्या पुढाऱ्यांच्या देवधर्माबद्दल. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही आधी तो दिसला नव्हता. एका फादरनं तो दाखवला, तोही बहुधा नकळत.

कर्जत म्हणजे रेल्वेचं गाव. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला बोरघाट चढायचा तर मागून जोर देणारी इंजिनं इथंच जोडतात. बँकर म्हणतात त्यांना. घाटातली ही वाट १८६३ साली सुरू झाली, तेव्हापासून देशोदेशीचे आणि धर्माधर्माचे लोक या गावात नोकरीला येत राहिले. आमचे एक स्नेही मूळचे वसईकडचे कॅथलिक. सगळी नोकरी घाटातल्या इंजिनावर झाली. मी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतो, ते मला शायर म्हणतात. निवृत्तीनंतर त्यांनी खोपोली रस्त्याला एक बैठं घर बांधलं आणि घराच्या आशीर्वादाला आम्हा सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना. शेजारचे जोशीकाका होते, गवंडी आणि त्याचा पोरगा होता, भांडी घासायला येणारी ठाकरवाडीची बाई होती, मी आणि आमची मंडळी होतो. आणि स्थानिक पुढारीही होते. बांधकामाच्या परवानगीपासून त्यांचा संबंध, तेव्हा त्यांना टाळून कसं चालेल?

फादर आले. पांढरा झगा आणि खांद्यावरून सोडलेली पट्टी. आधी त्यांनी या घराला शांती लाभो असं म्हटलं. कुठल्याही घरात शिरताना पहिल्यांदा शांती चिंतावी, ही येशूची शिष्यांना शिकवण आहे. मला आमचा सलाम आठवला. घरात शिरताना सलाम करा आणि दुसऱ्याच्या घरात तर विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, असं कुराणातही सांगितलंय. मग प्रार्थना झाली, ती मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते ६५ नंतर, लॅटिनची सक्ती गेली आणि लोकभाषा आल्या. शेवटी पवित्र पाणी घेऊन फादर खोलीखोलीत फिरले. स्वयंपाकघर, निजायची खोली, मोरीसुद्धा! येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र भिंतीवर लागलं. मागाहून केक आला आणि त्याच्याबरोबर उकडलेले हरभरे. जोशीकाकांनी हरभरे मन लावून खाल्ले.

पण मधला एक भाग सांगायचा राहिला. प्रार्थनेच्या आधी शुभवर्तमानातला एक उतारा वाचतात. त्या दिवशी फादरनी जक्कयची गोष्ट वाचली. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यरीहो नावाच्या गावात जक्कय नावाचा मुख्य जकातदार होता. रोमन सरकारसाठी वसुली करायची आणि त्यातच आपलंही भागवायचं, असा तो धंदा. पैसा भरपूर, गावात इज्जत नाही. येशू गावातून जाणार म्हणून गर्दी झाली. जक्कय बुटका, त्याला काही दिसेना, म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. मराठी बायबलात झाड उंबराचं आहे, त्यामुळे ही गोष्ट मला आपल्याच गावातली वाटते. येशूनं वर बघितलं आणि म्हणाला, खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. लोक कुरकुरले, हा बघा, पापी माणसाच्या घरी उतरला. तेव्हा जक्कय उभा राहिला आणि त्यानं जाहीर केलं की माझी अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि कुणाला फसवून घेतलं असेल तर ते चौपट परत.

फादर वाचत होते आणि आम्ही सगळे, अदबीनं हात जोडून, हळूच पुढाऱ्यांकडे बघत होतो. ते डोळे मिटून उभे होते. गवंड्याच्या पोराला हसू आवरेना, तो बाहेर पळाला.

कार्यक्रम आटोपल्यावर मी फादरना विचारलं, हा उतारा तुम्ही मुद्दाम निवडला का? ते म्हणाले, छे हो, नव्या घराच्या विधीसाठी जे चार-सहा उतारे सुचवलेले आहेत, त्यातलाच हा एक. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात रुतून बसली. रोममध्ये १९८४ साली आशीर्वादांचं जे सुधारलेलं पुस्तक निघालं, त्यात नियमच आहे की घरात राहणारी माणसं हजर नसतील तर नव्या घराला आशीर्वाद द्यायचा नाही. रिकाम्या घराला आशीर्वाद नाही! भिंतींना काय करायचाय आशीर्वाद? तो तिथं राहणाऱ्यांना, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांना. युरोपात जानेवारीत तीन राजांच्या सणाला दारावर खडूनं सालाचे आकडे आणि मधे सी, एम, बी ही अक्षरं लिहितात. कुणी म्हणतं ती तीन राजांच्या नावांची आद्याक्षरं, कुणी म्हणतं ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो या लॅटिन वाक्याची. तेही दरवर्षी नव्यानं लिहायचं. एकदा लिहून वीस वर्षं चालत नाही.

आता पुढाऱ्यांकडे वळू. सरकारी बंगला हेही घरच, फरक इतकाच की ते राहणाऱ्याच्या मालकीचं नसतं. तुमच्या-माझ्या पैशानं ते उभं राहतं आणि पाच वर्षांनी किंवा त्याआधीच दुसऱ्याच्या ताब्यात जातं. तिथं पूजा झाली तर कुणाच्या वतीनं झाली?

फार लांब जायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि काही महिने 'वर्षा' बंगल्यावर राहायला गेले नाहीत. लगेच वावड्या उठल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर संजय राऊत यांनी बंगल्याच्या आवारात रेड्यांची शिंगं पुरल्याची चर्चा असल्याचं जाहीरपणे म्हटलं. बंगल्यात दुरुस्ती चालू आहे, मुलीची दहावीची परीक्षा आहे, असा खुलासा मुख्यमंत्र्यांना करावा लागला. पुढं ३० एप्रिलला अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून घरगुती पूजा करून ते कुटुंब तिथं राहायला गेलं. घरात दहावीची मुलगी असताना सामान हलवायचं नाही, हे कुठल्याही आईला पटेल. पण पुरोगामी म्हणवणाऱ्या या राज्यात आपण सगळे कित्येक दिवस शिंगांवर चर्चा करत होतो. अक्षय्य तृतीयेच्या पूजेत मला काहीही खटकलं नाही. माणूस आपल्या बायकामुलांसह राहायला जातोय, देवाचं नाव घेतोय, घेऊ दे.

मला खटकते ती दुसरी गोष्ट. २०१७ साली लखनौमध्ये योगी आदित्यनाथ मुख्यमंत्री झाले, तेव्हा कालिदास मार्गावरच्या सरकारी निवासस्थानी पुरोहितांनी शुद्धीचे विधी केले. कुणी म्हटलं, हा साधा गृहप्रवेश. पण आधी तिथं राहून गेलेले अखिलेश यादव यांनी तो अपमान मानला, आणि आपण परत आल्यावर अग्निशमन दलाच्या बंबातून गंगाजल फवारू, असा टोमणा मारला. त्या पुरोहितांच्या मनात काय होतं, ते मी सांगू शकत नाही. मात्र आशीर्वाद आणि शुद्धी या दोन शब्दांत केवढं अंतर आहे, ते मला चांगलं ठाऊक आहे. आशीर्वाद पुढं राहणाऱ्यांसाठी असतो, शुद्धी आधी राहून गेलेल्याच्या नावानं.

ते कसं ठाऊक, तेही सांगतो. बी.ए. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. १९९४-९५ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी एका घरात भाड्याची खोली मिळाली. वर्षभर राहिलो. घरमालकीणबाई आजारी पडल्या तेव्हा डॉक्टरला बोलवायला रात्री सायकल मीच हाणली. बदली झाली, खोली सोडली. चार दिवसांनी विसरलेला स्टोव्ह न्यायला परत गेलो, तर खोलीत गोमूत्र शिंपडणं चाललेलं. बाई मला बघून गोऱ्यामोऱ्या झाल्या. "आमच्या सासूबाईंचं आपलं काहीतरी असतं हो," म्हणाल्या. मग मला ओसरीवर बसवून त्यांनी चहा दिला, आल्याचा. बाई वाईट नव्हत्या. स्टोव्ह घेऊन मी एस.टी.त बसलो आणि कर्जत येईपर्यंत त्या खोलीत आपण काय केलं होतं ते आठवत राहिलो. नमाज पढलो होतो, अंडी उकडली होती, पहिल्यावहिल्या कविता लिहिल्या होत्या. यातलं नक्की काय धुऊन काढायचं होतं?

तेव्हा पुढाऱ्यानं पूजा करावी की करू नये, हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. तो वाद जुना आहे. १९५१च्या ११ मे रोजी सोमनाथच्या मंदिरात प्राणप्रतिष्ठेला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद गेले. त्यांनी जाऊ नये असं पंडित नेहरूंचं मत होतं. दोघंही थोर, दोघंही प्रामाणिक. आपल्याकडे आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात. निधर्मी राज्यात हे कशाला, असा आक्षेप समाजवादी मंडळींनी १९७०च्या सुमारास घेतला आणि शासकीय पूजा काही काळ बंदही राहिली. त्याच सुमारास १९७२चा दुष्काळ पडला. त्या दोन्हींचा संबंध लावणारे लोक अजून भेटतात. पुढं पूजा पुन्हा सुरू झाली. २०१८ साली मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं होतं, म्हणून मुख्यमंत्री पंढरीला न जाता त्यांनी घरीच विठ्ठलाची पूजा केली. मला त्या महापूजेतली एकच गोष्ट फार आवडते. दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभं राहिलेलं एक वारकरी जोडपं पूजेला मुख्यमंत्र्यांच्या शेजारी बसवतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद जिथल्या संतमांदियाळीत बसले, तिथल्या पूजेवर मी कशाला रागावू?

लोकांचा खरा घोळ होतो तो पुढारी अल्पसंख्य समाजातला असला की. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले आमच्या जिल्ह्यातले, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राला मिळालेले ते पहिले आणि आजवरचे एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. १ जानेवारी १९८१ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, ते त्यांच्या काळात. लंडनहून भवानी तलवार आणायची घोषणाही त्यांनी केली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. आमच्या मोहल्ल्यात मोठी माणसं अभिमानानं बोलत. शाळेत एक गुरुजीही कौतुकानं म्हणाले, "अंतुले मुसलमान वाटतच नाहीत." गुरुजींनी ते शाबासकी म्हणूनच म्हटलं होतं. घरी येऊन मी वडिलांना विचारलं, मुसलमान वाटणं म्हणजे कसं वाटणं? वडील म्हणाले, अभ्यास कर. जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांना पद सोडावं लागलं ते सिमेंटच्या वाटपावरून, धर्मावरून नव्हे. माझ्या मते हिशेब मागायची जागा तीच होती. शिवाजीमहाराजांवर त्यांचं प्रेम किती, हे मोजायची गरजच नव्हती.

अमेरिकेसारख्या देशातही हेच. जॉन केनेडी कॅथलिक. १९६० साली निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा हा माणूस पोपचं ऐकून कारभार करील अशी भीती घातली गेली. १२ सप्टेंबर १९६०ला ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मगुरूंपुढे उभं राहून त्यांना आपली बाजू मांडावी लागली. त्यानंतर दुसरे कॅथलिक राष्ट्राध्यक्ष झाले जो बायडन. उमेदवारीसाठी फिरत असताना, ऑक्टोबर २०१९ मध्ये, दक्षिण कॅरोलायनातल्या एका चर्चमध्ये गर्भपाताबद्दलच्या त्यांच्या भूमिकेमुळे फादरनी त्यांना ख्रिस्तप्रसाद नाकारला. म्हणजे केनेडी फार कॅथलिक म्हणून संशय, बायडन पुरेसे कॅथलिक नाहीत म्हणून संशय. आंध्रचे जगनमोहन रेड्डी ख्रिस्ती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिरुमलाच्या दर्शनाआधी त्यांनी श्रद्धेचं लेखी प्रतिज्ञापत्र द्यावं असा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी जाणंच रद्द केलं. चार भिंतींच्या आत मी बायबल वाचतो आणि बाहेर सगळ्या धर्मांचा मान राखतो, अशा अर्थाचं ते बोलले. त्यांच्या राजकारणाशी मला देणंघेणं नाही, पण हा चार भिंतींचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. राज्यघटना मंत्र्याला शपथेचे दोनच पर्याय देते. ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. कोणता ईश्वर, तेही ती विचारत नाही. तिसरा पर्याय आपण लोकांनी तयार केलाय, आणि तोही ठरावीक माणसांसाठीच.

जॉर्ज फर्नांडिस यांचा धर्म मला कधी नीट कळला नाही, आणि त्याचं काही अडलंही नाही. मंगळूरच्या कॅथलिक घरातला मुलगा, पाद्री व्हायला म्हणून सेमिनरीत गेला आणि ते सोडून मुंबईत कामगारांमध्ये आला. १९६७ साली दक्षिण मुंबईत त्यांनी स. का. पाटलांना पाडलं. दिल्लीत कृष्ण मेनन मार्गावरच्या त्यांच्या सरकारी बंगल्याला फाटक नसल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ब्रह्मदेशातून पळून आलेले विद्यार्थी तिथं आसऱ्याला राहत. जानेवारी २०१९ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांना अग्नी दिला गेला आणि मग रक्षा ख्रिस्ती दफनभूमीत पुरली. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "दोन्ही स्टेशनांवर गाडी थांबवली माणसानं." बिगरथांब्याचं सरकारी घर कसं चालवतात, हे मात्र जॉर्जनी दाखवलं. आशीर्वादाच्या पुस्तकात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी प्रार्थना आहे म्हणतात, ती अशाच घरासाठी असावी.

आता आमच्या भागात घरांचा सुकाळ आहे. नेरळपासून खालापूरपर्यंत माळामाळावर इमारती उठताहेत. मुंबईकरांचं दुसरं घर! सप्टेंबर २०२५ मध्ये नेरळजवळच्या एका प्रकल्पाच्या जाहिरातीत 'हलाल' हा शब्द आला आणि गदारोळ झाला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं राज्य सरकारकडे विचारणा केली, पुढाऱ्यांनी निवेदनं दिली. मला ती जाहिरात मुळीच आवडली नाही. शेजारी निवडून देतो म्हणणारा बिल्डर मला नको, तो माझ्या धर्माचा असला तरी. पण माझ्या मुलीसाठी मुंबईच्या बाजूला भाड्याचं घर बघत होतो, तेव्हा नाव ऐकून चार दलालांचे फोन बंद झाले. त्यावर कुणा पुढाऱ्यानं निवेदन दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्यातले कित्येक जण निवडणुकीआधी आमच्या खालापूरच्या महडला वरदविनायकापुढे नारळ फोडतात, आणि संध्याकाळी दर्ग्यावर चादर चढवतात. चादर आम्ही घेतो. मुलीच्या घराचं विचारायला तिथं कुणी थांबत नाही.

आणि घर म्हणजे काय, हे इर्शाळवाडीनंतर तरी खालापूरकरांना सांगायला नको. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या वेळचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे चिखलातून पायी वर चढून गेले. चढताना त्यांनी कोणत्या देवाचं नाव घेतलं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. वाचलेल्यांना आधी पत्र्याच्या कंटेनरमध्ये ठेवलं, पुढं सिडकोनं चौकजवळ त्यांच्यासाठी पक्की घरं बांधली. कंटेनरच्या दिवसांत ड्रायव्हरसाहेब आणि मी चादरी-भांडी घेऊन तिथं गेलो होतो. दसरा नुकताच होऊन गेला होता. एका कंटेनरच्या दाराला झेंडूचं वाळलेलं तोरण होतं. त्याच वेळी कुणी पुढारी आले होते, भोवती कार्यकर्ते. एका म्हातारीनं त्यांना वाकून नमस्कार केला, तिच्या बोलीत आयुष्य मागितलं त्यांच्यासाठी, आणि मग त्यांचा हात तसाच धरून ठेवून विचारलं, "पक्कं घर कवा देताव?" ते तारीख सांगेपर्यंत तिनं हात सोडला नाही.